थाळी सुटण्याआधीचा क्षण: मायरनचा पुतळा आणि प्राचीन ग्रीकांची थाळीफेक

13 एप्रिल 2025 रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातल्या रामोना या गावी लिथुआनियाच्या मिकोलास अलेकना याने 75.56 मीटर अंतरावर थाळी फेकली आणि स्वतःचाच जागतिक विक्रम मोडला. त्याआधीच्या वर्षी त्याच मैदानावर 74.35 मीटरची फेक करून त्याने युर्गेन शुल्ट यांचा 1986 सालापासून अबाधित असलेला विक्रम मागे टाकला होता. थाळीफेकीची अशी मोठी बातमी आली की तिच्यासोबत एक चित्र हमखास छापले जाते: कमरेत वाकलेला, उजवा हात मागे उंच नेलेला, गुडघे मुडपलेला एक नग्न तरुण. ते प्राचीन ग्रीक शिल्पकार मायरन याच्या पुतळ्याचे चित्र असते. हे चित्र इतके परिचयाचे झाले आहे की थाळी अशीच फेकतात, निदान प्राचीन ग्रीसमध्ये तरी अशीच फेकत असत, असे बहुतेकांना वाटते. मात्र अलेकनाच्या फेकीचे चित्रीकरण संथ गतीने पाहिले तर तो वर्तुळात दीड गिरकी घेताना दिसतो आणि पुतळ्यातली ती मुद्रा त्यात कुठेच सापडत नाही. तेव्हा त्या पुतळ्यात नेमके काय दाखवले आहे, आणि त्यावरून ग्रीकांच्या खेळाबद्दल आपल्याला कितपत कळते, याचा उलगडा करण्याचा हा प्रयत्न आहे.

थाळी म्हणजे काय?

ग्रीक भाषेत या वस्तूला ‘डिस्कोस’ म्हणत. लॅटिनमधून पुढे युरोपीय भाषांत गेलेल्या याच शब्दापासून डिस्क, डिश आणि डेस्क हे आपल्याही तोंडी रुळलेले शब्द तयार झाले. मराठीत ‘थाळीफेक’ हा शब्द ज्यांनी रूढ केला, त्यांनी नकळत मूळ शब्दाच्या अगदी जवळचा अर्थ पकडला, असे मला वाटते.

ही थाळी मधोमध जाड असते आणि कडेकडे पातळ होत जाते. दोन उथळ बशा तोंडाला तोंड लावून चिकटवाव्यात, तसा तिचा आकार असतो. आज पुरुषांच्या थाळीचे वजन 2 किलो आणि महिलांच्या थाळीचे 1 किलो ठरलेले आहे. प्राचीन ग्रीसमध्ये असे सर्वत्र लागू होणारे माप नव्हते. उत्खननांत सापडलेल्या थाळ्या दगडाच्या, ब्राँझच्या, लोखंडाच्या आणि शिशाच्याही आहेत, आणि त्यांची वजने सव्वा किलोपासून साडेसहा किलोंपर्यंत आढळतात. त्यांपैकी काही थाळ्या खेळण्यासाठी नव्हत्या, त्या देवाला वाहिलेल्या होत्या. ब्रिटिश म्युझियममध्ये केफालोनिया बेटावर सापडलेली इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातली ब्राँझची एक छोटी थाळी आहे. तळहात पूर्ण पसरला तर ती जवळजवळ झाकून जाईल, एवढीच तिची रुंदी आहे. तिच्यावर गोलाकार ओळींत कोरलेला मजकूर असा की, ज्या ब्राँझने एक्सोइदासने केफालोनियाच्या शूर वीरांना जिंकले, ते ब्राँझ त्याने थोर झ्यूसच्या जुळ्या पुत्रांना अर्पण केले आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका खेळाडूने आपले जिंकण्याचे साधन देवापुढे ठेवले, त्यावर स्वतःचे नाव कोरून घेतले, आणि ते नाव आजही वाचता येते.

मुलांसाठी लहान थाळी असे, हेही आपल्याला एका अनपेक्षित वाटेने कळते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला प्रवासवर्णनकार पॉसानियस हा महाकाव्यातील वीर अजॅक्स याच्या थडग्यातील हाडांविषयी लिहितो, आणि त्याच्या गुडघ्याची वाटी केवढी होती हे सांगताना, ती मुलांच्या स्पर्धेतील थाळीएवढी होती, अशी उपमा देतो. खेळातले साधन मोजमापाची उपमा म्हणून वापरले जात होते, म्हणजे ते वाचकांच्या रोजच्या पाहण्यातले होते.

ती उडते कशी?

गोळाफेकीतला गोळा नुसता फेकला जातो. थाळी मात्र फेकलीही जाते आणि उडतेही. धावत्या एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढून तळवा किंचित तिरपा केला की वारा हाताला वर ढकलतो, हा अनुभव अनेकांनी लहानपणी घेतलेला असतो. थाळी योग्य कोनात तिरपी सुटली की हवा तिलाही तसाच आधार देते. म्हणूनच समोरून वाहणारा वारा थाळीफेकपटूला हवाहवासा वाटतो. पतंग जसा वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून चढतो, तसेच काहीसे इथे घडते.

हा आधार टिकायचा तर थाळी हवेत डगमगता कामा नये. फिरता भोवरा उभा राहतो आणि थांबला की आडवा होतो. थाळीलाही तिची स्वतःभोवतीची फिरकी स्थिर ठेवते. उजव्या हाताने फेकणाऱ्याची थाळी शेवटी तर्जनीवरून निसटते आणि त्या निसटत्या स्पर्शातून तिला फिरकी मिळते. शाळेच्या मैदानावर पहिल्यांदा थाळी हातात घेणाऱ्याला नेमके हेच जमत नाही. ती करंगळीच्या बाजूने सुटते, हवेत उलटीपालटी होते आणि आठ-दहा मीटरवर धप्पकन पडते.

पाच खेळांपैकी एक

ऑलिंपियाच्या प्राचीन स्पर्धांत थाळीफेकीला स्वतंत्र पारितोषिक नव्हते. धावणे, लांब उडी, थाळीफेक, भालाफेक आणि कुस्ती मिळून होणाऱ्या ‘पेंटॅथ्लॉन’ या पंचक्रीडेतला तो एक भाग होता, आणि ही पंचक्रीडा परंपरेनुसार इसवी सनापूर्वी 708 मध्ये सुरू झाली. त्यामुळे थाळीफेकपटू हा फक्त खांद्यात बळ असलेला अगडबंब माणूस नसे; त्याला वेगाने धावावे लागे आणि शेवटी कुस्तीही धरावी लागे. मायरनचा तरुण सडपातळ आणि लवचीक का आहे, याचे एक कारण इथे आहे.

खेळ मात्र पंचक्रीडेहून जुना आहे. होमरच्या इलियडमध्ये पॅट्रोक्लसच्या अंत्यविधीनिमित्त झालेल्या खेळांत कच्च्या लोखंडाचा एक गोळा फेकायला दिला जातो, आणि जो जिंकेल त्याला तोच गोळा बक्षीस मिळणार असतो. इतके लोखंड हाती आले तर पुढची पाच वर्षे मेंढपाळाला किंवा नांगरणाऱ्याला लोखंडासाठी शहराकडे जावे लागणार नाही, असे ते खेळ भरवणारा वीर अकिलिस तिथे सांगतो. ओडिसीमध्ये थकलाभागला ओडिसियस अंगावरचे वस्त्रही न उतरवता सगळ्यांपेक्षा जड थाळी उचलून फेकतो, आणि मनुष्यरूपात आलेली देवी अथेना म्हणते की, ही खूण इतरांच्या खुणांपासून इतकी दूर आहे की आंधळ्यालाही ती चाचपडून सापडेल.

या खेळाचा धोकाही कथांमध्ये उतरला आहे. अपोलोच्या हातून सुटलेली थाळी लागून त्याचा लाडका हायासिंथस मरतो, आणि पर्सियसची थाळी चुकून त्याच्या आजोबांना लागून जुनी भविष्यवाणी खरी ठरते. आजच्या मैदानावर फेकीच्या वर्तुळाभोवती जाळीचा उंच पिंजरा असतो, तो याच भीतीपोटी.

मायरनने काय घडवले?

मायरन हा अटिका आणि बिओशिया या ग्रीक प्रदेशांच्या सीमेवरील एल्युथेरी गावचा शिल्पकार होता. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, साधारण 460 ते 450 या काळात, त्याने ‘डिस्कोबोलस’ म्हणजे थाळीफेक्या हा पुतळा ब्राँझमध्ये ओतला. तो मूळ पुतळा आज अस्तित्वात नाही. ब्राँझ वितळवून पुन्हा वापरता येते, आणि प्राचीन काळातल्या असंख्य ब्राँझ पुतळ्यांचा शेवट असाच भट्टीत झाला. आपण चित्रांत जो पाहतो, तो रोमन काळात संगमरवरात केलेल्या प्रतींपैकी एखादा असतो.

धातूतून दगडात येताना काय बदलले, हे समजून घ्यायला हातात खडू घ्यावा. उभा धरून दाबला तर खडू बराच भार सोसतो. दोन्ही टोके धरून वाकवला की लगेच तुटतो. संगमरवराचा स्वभाव तोच आहे. पोकळ ब्राँझचा पुतळा एका पायावर तोलून, हात हवेत पसरून उभा राहू शकतो. दगडात तसे केले तर घोट्यापाशी किंवा खांद्यापाशी तडा जाण्याची भीती असते. म्हणून रोमन प्रतींमध्ये मांडीच्या मागे झाडाचा बुंधा दिसतो. मायरनला त्याची गरज नव्हती, आणि मूळ पुतळ्याची कल्पना करायची असेल तर तो बुंधा आपण मनातून काढून टाकला पाहिजे.

आता पुतळ्याकडे जवळून पाहावे. शरीराचा सगळा भार उजव्या पायावर आहे आणि त्या पायाची बोटे जमीन घट्ट धरून आहेत. डावा पाय मागे आहे आणि तो केवळ बोटांवर ओझरता टेकलेला आहे. डावा हात खाली येऊन उजव्या गुडघ्यापाशी पोहोचला आहे. उजवा हात मागे वर गेला आहे, थाळी त्याच्या टोकाला आहे, आणि दोन्ही हात मिळून ताणलेल्या धनुष्यासारखी एक मोठी कमान होते. या कमानीखाली धड, मांडी आणि पोटरी नागमोडी मोडत जातात. इतकी ओढाताण असूनही चेहरा पूर्ण शांत आहे. थोरला प्लिनी या रोमन लेखकाने मायरनबद्दल असे नोंदवले आहे की, त्याने शरीराकडे बारकाईने लक्ष दिले पण मनातले भाव दाखवले नाहीत. मला हा दोष वाटत नाही. त्या काळातल्या ग्रीक शिल्पात संयम हाच चेहऱ्याचा अलंकार मानला जाई, आणि इथे त्या शांततेमुळेच शरीराचा ताण अधिक जाणवतो.

हा फेकीचा फोटो मानावा का?

नाही, आणि माझ्या मते या विषयातला सर्वात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे.

झोपाळा मागे उंच जातो आणि पुढे येण्यापूर्वी एक निमिष स्थिर होतो. त्या निमिषात तो मागेही जात नसतो आणि पुढेही येत नसतो, पण पुढचा सगळा वेग त्याच्यात साठलेला असतो. हाताने थाळी मागे नेली की तिची दिशा पालटताना असाच एक थांबा येतो, आणि मायरनने नेमका तोच निवडला. डोळ्यांना दिसणाऱ्या गतीच्या मधोमध असलेली ती एकमेव स्थिर जागा आहे, म्हणून स्थिर ब्राँझमध्ये ती खोटी वाटत नाही. त्याने धावत्या पायांचा किंवा सुटत्या थाळीचा क्षण निवडला असता, तर पुतळा अर्ध्यावर अडकल्यासारखा दिसला असता.

परंतु क्षण खरा असला तरी शरीराची मांडणी शिल्पकाराची आहे. पाय आपल्याला बाजूने दिसतात आणि छाती मात्र जवळजवळ समोरून. संपूर्ण आकृती एका सपाट पातळीवर, भिंतीवरच्या उठावशिल्पासारखी, पसरली आहे. एका ठरावीक बाजूने पाहिले की कमान आणि नागमोड स्पष्ट दिसतात. तिथून हटून पुतळ्याच्या समोर किंवा मागे गेलो की ती रचना विस्कटते आणि आकृती अरुंद दिसते. खऱ्या फेकीत पिळवटलेल्या धडाचे स्नायू जसे ओढले जातील, तसे ते इथे दिसत नाहीत, हेही अभ्यासकांनी पूर्वीच दाखवून दिले आहे. मायरनला प्रशिक्षकाचा तक्ता काढायचा नव्हता. मागे झेपावण्याची आणि पुढे फेकण्याची, दोन्हींची जाणीव एकाच नजरेत व्हावी, म्हणून त्याने शरीर नव्याने रचले.

प्राचीन वाचकांनाही ही मुद्रा सहज वाटत नव्हती. पहिल्या शतकातला रोमन वक्तृत्वाचार्य क्विंटिलियन हा नियम कधी मोडावेत हे शिकवताना याच पुतळ्याचे उदाहरण देतो. इतके पिळवटलेले आणि कष्टाने साधलेले दुसरे काय आहे, असे विचारून तो म्हणतो की, पुतळा सरळ उभा नाही म्हणून जो त्याला नावे ठेवील त्याला कलाच कळलेली नाही, कारण त्यातले नावीन्य आणि अवघडपणा हेच स्तुतीला पात्र आहेत.

मग डोके कोणत्या बाजूला होते?

लंडन आणि रोम येथील प्रती शेजारी शेजारी ठेवून पाहणाऱ्यांना हा प्रश्न पडतो, कारण लंडनमधला तरुण खाली जमिनीकडे पाहतो आणि रोममधला मागे थाळीकडे. रोममधली प्रत 1781 मध्ये तिथल्याच एस्क्विलिन टेकडीवर सापडली. लंडनमधली प्रत 1790च्या सुमारास तिवोली येथील सम्राट हेड्रियनच्या प्रासादाच्या परिसरात मिळाली आणि चार्ल्स टाउनली या संग्राहकाच्या संग्रहातून 1805 मध्ये ब्रिटिश म्युझियमकडे आली. तिची डागडुजी करताना डोके चुकीच्या दिशेने बसवले गेले.

चूक नक्की कोणाची, हे एका जुन्या लेखकामुळे ठरवता येते. दुसऱ्या शतकातल्या लुशियनच्या एका संवादात या पुतळ्याचे वर्णन येते: फेकण्याच्या पवित्र्यात वाकलेला, थाळी धरलेल्या हाताकडे मान वळवलेला, एक गुडघा किंचित मुडपलेला, आणि फेकीसरशी उसळून उभा राहील असा वाटणारा. मान मागे वळलेली होती, हे यात स्पष्ट आहे. रोममधली प्रत या वर्णनाशी तंतोतंत जुळते.

तिच्या वाट्याला पुढे राजकारणही आले. 1938 मध्ये हिटलरने ती 50 लाख लिऱ्यांना विकत घेतली आणि म्युनिकच्या ग्लिप्टोथेक संग्रहालयात ठेवली. युद्धानंतर 1948 मध्ये ती इटलीला परत मिळाली. आज ती रोममध्ये पलात्झो मास्सिमो येथे आहे.

पुतळ्याबरहुकूम फेकून पाहिले तेव्हा

आधुनिक काळात थाळीफेकीचे पुनरुज्जीवन झाले, तेव्हा मार्गदर्शक म्हणून हाच पुतळा आणि काही जुनी वर्णने समोर होती. 1896 मध्ये अथेन्सला पहिल्या आधुनिक ऑलिंपिकसाठी निघालेल्या अमेरिकेच्या रॉबर्ट गॅरेट याने खरी थाळी कधी पाहिलीच नव्हती. त्याने जुन्या वर्णनावरून एक थाळी लोहाराकडून घडवून घेतली, ती भयंकर जड निघाली आणि त्याने नाद सोडून दिला, असे सांगतात. अथेन्सला पोहोचल्यावर प्रत्यक्षातली थाळी 2 किलोंची आहे हे त्याला कळले आणि त्याने नाव दिले. ग्रीक खेळाडूंनी पुतळ्याच्या मुद्रेला अनुसरून डौलदार फेकी केल्या. गॅरेटकडे डौल नव्हता, जोर होता. त्याने 29.15 मीटर अंतर गाठले आणि पानायोतिस पारास्केव्होपुलोस याला सुमारे 20 सेंटीमीटरने मागे टाकले. यजमानांना आपला म्हणून जिव्हाळ्याचा वाटणारा खेळ परदेशी माणूस जिंकून गेला.

1906 मध्ये अथेन्सला आणि 1908 मध्ये लंडनला ‘ग्रीक पद्धतीची थाळीफेक’ अशी वेगळी स्पर्धाही घेतली गेली. त्यात खेळाडूला एका छोट्या उतरत्या चौथऱ्यावर उभे राहून, गिरकी न घेता, पुतळ्यासारखे वाकून थाळी फेकावी लागे. लंडनला अमेरिकेच्या मार्टिन शेरिडनने या पद्धतीने सुमारे 38 मीटर अंतर गाठले, तर मोकळ्या पद्धतीने त्याचीच थाळी 40.89 मीटर गेली. हा चौथरा आला कुठून? फिलोस्ट्रॅटस नावाच्या लेखकाने हायासिंथसच्या चित्राचे वर्णन करताना फेकणाऱ्याच्या जागेसाठी ‘बाल्बिस’ हा शब्द वापरला आहे, आणि त्याचा अर्थ उंच ओटा असा लावला गेला. वस्तुतः बाल्बिस म्हणजे पुढून आणि बाजूंनी आखलेली, मागून मोकळी जागा. 1908 नंतर ही स्पर्धा ऑलिंपिकमध्ये पुन्हा झाली नाही.

ग्रीक खेळाडू प्रत्यक्षात कसे फेकत?

याचे उत्तर शोधताना पुतळ्यापेक्षा मातीच्या रंगवलेल्या भांड्यांचा आधार जास्त मोलाचा ठरतो, कारण पुतळा एकच क्षण दाखवतो आणि भांड्यांवर अनेक क्षण सापडतात. कुणी थाळी दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभा आहे, कुणी ती पुढे पसरली आहे, कुणी मागे नेत आहे, तर कुणी पडलेल्या थाळीची जागा दाखवायला जमिनीत खुंटी ठोकतो आहे. ही चित्रे क्रमाने लावली की एक साखळी दिसू लागते: थाळी वर उचलणे, खाली आणून मागे झुलवणे, आणि पाय पुढे टाकत सोडणे. मधे अंगाची थोडी गिरकी होती की केवळ पाऊल पुढे पडे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. आजची दीड गिरकी मात्र त्या चित्रांत दिसत नाही. फिलोस्ट्रॅटस तर सांगतो की, फेकणाऱ्याने डोके उजवीकडे वळवून आपली उजवी कूस दिसेल इतके वाकावे, आणि विहिरीतून दोराने काही ओढून काढावे तसे, उजव्या अंगाचा सगळा जोर लावून थाळी उचलून फेकावी. मायरनची मुद्रा या झोक्याच्या मागच्या टोकाशी बसते, म्हणजे पुतळा खोटा नाही. तो एका लांब वाक्यातला एकच शब्द आहे.

फेलसचे 95 फूट आणि अलेकनाचे 75 मीटर

क्रोटन नगरीच्या फेलस या खेळाडूने 95 फूट थाळी फेकली, असे एका जुन्या द्विपदीत म्हटले आहे. हे अंतर आजच्या हिशेबाने जेमतेम 30 मीटर भरते, आणि त्यावरून ग्रीक खेळाडू कमकुवत होते असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळावा. त्याच द्विपदीत फेलसने 55 फूट उडी मारल्याचेही म्हटले आहे, जे आजच्या जागतिक विक्रमाच्या जवळजवळ दुप्पट आहे. म्हणजे ती ओळ मोजमापाची नोंद म्हणून वाचता येत नाही. शिवाय थाळी किती जड होती हे कळल्याशिवाय अंतराला अर्थ नसतो.

ग्रीकांनाही ही अडचण ठाऊक होती. पॉसानियस सांगतो की ऑलिंपियात सिक्योन या नगराच्या कोषागारात पंचक्रीडेसाठी तीन थाळ्या जपून ठेवलेल्या असत. त्या दिवशी त्या मैदानावर सगळ्यांनी त्याच थाळ्या फेकायच्या आणि कोणाची पुढे गेली एवढेच पाहायचे, अशी ती व्यवस्था होती. गेल्या वर्षीचा किंवा शेजारच्या नगरातला आकडा मोडण्याची कल्पना तिच्यात नाही. विक्रमाची आजची कल्पना ठरलेल्या वजनांतून आणि मोजपट्टीतून आली आहे.

दुसरा थाळीफेक्या

मायरननंतर साधारण अर्ध्या शतकाने नॉकिडीज या शिल्पकाराने आणखी एक थाळीफेक्या घडवला असे प्लिनी सांगतो, आणि एका वेगळ्या धाटणीच्या रोमन प्रती त्याच्याशी जोडल्या जातात. हा तरुण वाकलेला नाही. थाळी अजून त्याच्या डाव्या हातात खाली लोंबते आहे, उजवा हात रिकामा आणि किंचित पुढे आहे, नजर झुकलेली आहे, आणि उजव्या पावलाने तो उभे राहण्याची जागा अजमावतो आहे. मैदानावर थाळीफेकपटूला प्रत्यक्ष पाहिलेल्या कोणालाही हा क्षण ओळखता येईल: वर्तुळात शिरल्यावर तो थाळी एका हातातून दुसऱ्या हातात घेतो, पायाखालची जमीन चाचपतो आणि काही वेळ काहीच करत नाही. मायरनने झोक्याच्या टोकावरचा थांबा निवडला आणि नॉकिडीजने झोका सुरू होण्यापूर्वीचा. दोघांनीही थाळी हातातच ठेवली.